तोंडावरच्या पुळ्या आणि रात्रीचे मलम

मुलगा किंवा मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की तोंडावर पुळ्या येऊ लागतात. कोणी त्यांना मुरूम म्हणतात, कोणी तारुण्यपिटिका म्हणतात. शाळेतली मुले 'पिंपल' म्हणतात. नावे वेगळी, दुखणे एकच.

"हे काय दुखणे आहे? वयात आले की येतात, लग्न झाले की जातात," असे घरातली वडील माणसे म्हणतात. पुष्कळांच्या पुळ्या जातातही. पण सगळ्यांच्या जात नाहीत. काहींच्या गालावर खड्डे राहतात ते कायमचे. काहींना तिशी उलटली तरी पुळ्या येतच असतात. आणि या पुळ्यांपेक्षाही वाईट एक गोष्ट आपल्या गावोगावी चालू आहे. मेडिकलच्या दुकानात जायचे, "तोंडाला लावायची ट्यूब द्या" म्हणायचे, आणि हातात येईल ती ट्यूब महिनोन्महिने चोळायची. त्या ट्यूबने काय होते ते पुढे सांगतो. आधी पुळी येते कशी ते पाहू.

आपल्याकडे पाणी कमी, म्हणून पुष्कळांनी शेतात ठिबक बसवले आहे. ठिबकच्या नळीला बारीक तोंडे असतात. त्यांतून थेंब थेंब पाणी पडते. पाण्यातला क्षार त्या तोंडाशी साचला की तोंड बुजते. आत पाणी आहे, पण बाहेर येत नाही. आपल्या कातडीचेही तसेच आहे. तोंडाच्या, छातीच्या आणि पाठीच्या कातडीवर हजारो बारीक छिद्रे आहेत. प्रत्येक छिद्रात एक केस असतो, आणि केसाच्या मुळाशी तेलाची एक लहानशी पिशवी असते. ते तेल छिद्रातून बाहेर येते आणि कातडी मऊ राहते.

वयात येताना अंगात जे बदल होतात त्यांनी हे तेल जास्त सुटू लागते. त्याच वेळी छिद्राच्या आतली मेलेली कातडी नीट झडून जात नाही. ती तेलात चिकटते आणि छिद्राच्या तोंडाशी बूच बसते. हे बूच उघडे असले तर काळा ठिपका दिसतो. पुष्कळांना वाटते की तो मळ आहे. तो मळ नाही, म्हणून साबणाने घासून जात नाही. बूच बंद असले तर पांढरा बारीक दाणा दिसतो. आत कोंडलेल्या तेलात जंतू वाढतात, जागा लाल होते, दुखते, पू होतो. ती झाली पुळी.

म्हणजे पुळी "रक्त खराब झाले" म्हणून येत नाही. तोंड धुतले नाही म्हणूनही येत नाही. दिवसातून दहा वेळा साबण लावणाऱ्या मुलीलाही येते, आणि तिचे तोंड वर आणखी कोरडे पडून आग होते. लिंबू चोळणे, चुना लावणे, दात घासायची पेस्ट लावणे, याने कातडी भाजते. नखाने पुळी फोडणे तर सगळ्यांत वाईट. आतला पू खोल जातो आणि खड्डा पडतो.

आता औषधाकडे वळू. अंगणवाडीत लहान लेकरांना चमच्याने 'अ' जीवनसत्त्व पाजतात, हे आयाबायांना ठाऊक आहे. रातांधळेपणा येऊ नये म्हणून ते देतात. याच 'अ' जीवनसत्त्वाच्या भाऊबंदांना डॉक्टर लोक 'रेटिनॉइड' म्हणतात. त्यांची मलमे करतात. ट्रेटिनॉइन आणि अ‍ॅडापेलिन ही त्यांतली दोन नावे. ती पाठ करावी किंवा वहीत लिहून ठेवावी.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात क्लिगमन नावाचे कातडीचे डॉक्टर होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६९ साली लिहून दाखवले की हे मलम मुरमांवर चालते. १९७१ साली तिकडच्या सरकारने त्याला मान्यता दिली. जाता जाता हेही सांगायला हवे की याच क्लिगमन यांनी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या अंगावर कातडीच्या औषधांचे प्रयोग केले, आणि त्याबद्दल पुढे त्यांच्यावर मोठी टीका झाली. ती योग्यच होती असे आम्हाला वाटते. अ‍ॅडापेलिन हे नंतरचे औषध. त्याला तिकडे १९९६ साली मान्यता मिळाली. त्याने आग जरा कमी होते.

हे मलम करते काय? ते छिद्रातले बूच सैल करते आणि नवे बूच बसू देत नाही. चोक झालेले ठिबक मोकळे करावे तसे. म्हणून आलेल्या पुळीवर ठिपका देऊन भागत नाही. पुळी जिथे आज नाही, तिथेही आत बूच तयार होत असते. सगळ्या गालांना, कपाळाला, हनुवटीला पातळ हात फिरवावा लागतो. आणि गाजरे खाऊन किंवा 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या गिळून हे काम होत नाही. त्या गोळ्या जास्त झाल्या तर विषासारख्या बाधतात.

हे मलम डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायचे आहे. डॉक्टरने दिले तर ते असे लावावे. रात्री झोपताना तोंड साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावे. घासू नये. टिपून कोरडे करावे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. ओल्या तोंडावर लावले तर आग होते. हरभऱ्याच्या दाण्याएवढे मलम बोटावर घ्यावे. सगळ्या तोंडाला मिळून तेवढेच. डोळ्यांच्या पापण्या, नाकाच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडून लावावे. "जास्त लावले की लवकर बरे होईल," असे मनाला वाटते. तसे होत नाही. युरिया दुप्पट टाकला म्हणून पीक दुप्पट येत नाही, उलट जळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड लावावे. कातडीला सवय झाली की रोज. तोंड कोरडे पडले तर बिनवासाची साधी मऊपणाची क्रीम वरून लावावी. ती कोणती, ते डॉक्टरला विचारावे.

मंडळी, आता जे सांगतो ते नीट वाचा. घरातल्यांनाही वाचून दाखवा.

हे चांगले मलम लावले की पहिल्या महिन्यात तोंड चांगले दिसत नाही. कातडी लाल होते, कोंड्यासारखी सुटते, चुरचुरते. आत दडलेल्या पुळ्या वर येतात, म्हणून पुळ्या वाढल्यासारख्या वाटतात. आई म्हणते, "टाकून दे ते, त्यानेच तोंड बिघडले." मुलगी टाकून देते. इथेच घोटाळा होतो. या औषधाला गुण यायला दोन ते तीन महिने लागतात. कापूस लावून महिन्याभरात बोंडे मोजायला कोणी जात नाही. तोंडाला तेवढाच दम द्यावा लागतो. अगदीच आग झाली, सूज आली, तर मात्र मलम थांबवून डॉक्टरला दाखवावे.

दुसरी ट्यूब याच्या उलट आहे. तिने पहिल्या आठ-पंधरा दिवसांत तोंड गोरे आणि गुळगुळीत होते. घरातली खूश, शेजारीण नाव विचारते. तिच्यात 'स्टेरॉइड' नावाचे औषध असते. कातडीच्या काही आजारांत डॉक्टर ते थोडे दिवस देतात, आणि तिथे ते उपयोगी आहे. पण तोंडाला महिनोन्महिने लावले की कातडी कागदासारखी पातळ होते. लाल शिरा दिसू लागतात. मुलींच्या गालावर लव वाढते. उन्हात गेले की तोंड भाजल्यासारखे होते. आणि ज्या पुळ्यांसाठी ट्यूब आणली, त्याच दुपटीने येतात. ट्यूब सोडली की तोंड आगीसारखे लाल होते, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. दारूसारखे होऊन बसते.

यात आणखी एक गोम आहे. काही ट्यूबांत तीन औषधे एकत्र असतात. डाग उजळवणारे हायड्रोक्विनोन, वर सांगितलेले ट्रेटिनॉइन, आणि सोबत स्टेरॉइड. ती ट्यूब काळ्या डागांसाठी असते, मुरमांसाठी नसते. ट्यूबवर ट्रेटिनॉइन हे नाव दिसले म्हणून ती मुरमांची ट्यूब झाली असे समजू नये. नायट्याच्या पुष्कळ ट्यूबांतही स्टेरॉइड मिसळलेले असते. घरात कोणासाठी तरी आणलेली ट्यूब फळीवर पडलेली असते, आणि पोरगी तीच तोंडाला लावते.

मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटले की आठ दिवसांत तोंड उजळायला हवे असते. या घाईतच ती ट्यूब घरात येते. पाहुणे तासभर बसून जातात, बिघडलेली कातडी मुलीजवळ राहते.

स्टेरॉइडची ही मलमे सर्रास विकली जातात, अशी तक्रार आपल्या देशातल्या कातडीच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे केली. शेवटी २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम झाला, पण चिठ्ठी न मागता ट्यूब देणारी दुकाने संपली असे नाही. म्हणून आपणच वाचायला हवे. ट्यूबवरचे मोठे नाव कंपनीचे असते. औषधाचे खरे नाव त्याखाली बारीक अक्षरांत असते. ते बहुधा इंग्रजीत असते. हरकत नाही. शाळेत जाणाऱ्या लेकराला मोठ्याने वाचायला सांगा आणि आपण आपल्या अक्षरांत वहीत उतरवा. मग ताडून बघा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यांपैकी एखादे नाव निघाले तर ते स्टेरॉइड आहे. ते मुरमांचे औषध नाही. आधीच काही महिने लावत असाल तर घाबरू नका. ती ट्यूब बरोबर घेऊन कातडीच्या डॉक्टरकडे जा. ती कशी सोडायची ते डॉक्टर सांगतील.

आता बायकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. दिवस गेले असतील, किंवा मूल हवे असेल, तर रेटिनॉइडचे मलम लावू नये. तपासणीच्या वेळी लाजू नका, डॉक्टरला आधी सांगा. गरोदरपणात चालतील अशी दुसरी औषधे आहेत. चुकून लावले गेले आणि मग कळले, तर मलम बंद करा आणि डॉक्टरला सांगा. मलमाचा फारच थोडा भाग रक्तात जातो. केवळ त्या भीतीने पोट पाडायला धावू नका.

याच जातीच्या गोळ्या मात्र वेगळ्या. त्यांचे नाव आयसोट्रेटिनॉइन. मोठ्या गाठी येऊन खड्डे पडत असतील तर डॉक्टर त्या देतात. त्यांचा गुण चांगला आहे. पण त्या चालू असताना दिवस गेले तर बाळ व्यंग घेऊन जन्माला येण्याची मोठी भीती असते. त्या काळात, आणि गोळी थांबल्यावर पुढे एक महिना, दिवस जाऊ द्यायचे नाहीत. पाळी चुकली तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरकडे जायचे. दुसऱ्याची उरलेली गोळी तर कधीच घ्यायची नाही.

आपल्या बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. पाडव्याच्या सुमाराला परततात. त्यांच्यासाठी हे औषध जरा अवघड आहे, ते लपवत नाही. या मलमाने तोंड उन्हाला हळवे होते, आणि फडात दिवसभर ऊन. पाचटाने तोंड खरचटते. पहाटे उठून कोयता घ्यायचा, रात्री गाडी भरायची, मग तोंड धुऊन वीस मिनिटे कोण थांबणार? कोपीवर पाणी तरी पुरेसे कुठे असते?

तरी वाट आहे. डॉक्टरला आधीच सांगा, "आम्ही तोडीला जाणार." मग डॉक्टर सौम्य मलम देतील, किंवा एक दिवसाआड लावायला सांगतील. कोणाला परत आल्यावर सुरू करू म्हणतील. उन्हात जाण्यापूर्वी तोंड धुऊन घ्यावे. डोक्यावर आणि तोंडावर पातळ सुती ओढणी किंवा रुमाल बांधावा, डोळे तेवढे उघडे ठेवावेत. उन्हाचे मलम परवडत असेल तर तेही लावावे. केसांना तेल लावले तर ते कपाळावर ओघळू देऊ नये. ट्यूब टोपण घट्ट लावून पेटीत, कपड्यांच्या घडीत ठेवावी, उन्हात तापू देऊ नये.

कुठे दाखवायचे? बीडला जिल्हा रुग्णालय आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मोठ्या दवाखान्यात केसपेपर काढताना "कातडीच्या डॉक्टरला दाखवायचे आहे" असे सांगा. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या. मुलीची पाळी नियमित येत नसेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तेही सांगा. त्याचे कारण कधी कधी कातडीत नसते, अंगात असते, आणि उपचार वेगळा असतो. निघण्यापूर्वी डॉक्टरकडून तीन गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या. मलम आठवड्यातून किती रात्री लावायचे, पुन्हा कधी यायचे, आणि पुळ्या गेल्यावर ते किती दिवस चालू ठेवायचे. पुळ्या गेल्या म्हणून लगेच सोडले तर बुचे पुन्हा बसू लागतात, म्हणून तो तिसरा प्रश्न विसरू नका.