बाण कुठून निघतो ते बघ

तुझ्या पाठाच्या स्लाइड काल रात्री दोनदा पाहिल्या गं. हृदयाची आकृती फार सुरेख काढली आहेस. म्हणूनच तिच्यावर चारी बाजूंनी शब्द उड्या मारत आले तेव्हा जीव हळहळला. तुझी मेहनतच झाकली जाते त्यात.

समोर काही हललं की डोळा तिकडे वळतोच, तो कुणाच्या हातात नसतो. ‘उजवं अलिंद’ हा शब्द गिरक्या घेत येईल तोवर मुली गिरकीच बघतील आणि त्याच वेळी तू बोललेलं वाक्य वाया जाईल. तेव्हा मुद्द्यांवरचे ‘बाउन्स’, ‘फ्लाय इन’ हे अ‍ॅनिमेशन सगळे काढून टाक. मुद्दे एकेक करून दाखवायचे असतील तर ‘अपिअर’ पुरे, फार तर ‘फेड’.

सगळी हालचाल रक्ताभिसरणाच्या त्या एका स्लाइडसाठी राखून ठेव. तिथे विषयच वाहता आहे. आधी नुसतं हृदय दाखव आणि थांब. आकृतीतली उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे तेव्हाच सांगून टाक. मग क्लिक कर आणि महाशिरेतून उजव्या अलिंदात, तिथून उजव्या निलयात निळा बाण सरकू दे. त्याला ‘वाइप’ लाव, पण दिशा प्रत्येक बाणाची वेगळी तपास. ती चुकली तर बाण टोकाकडून शेपटीकडे उगवतो आणि रक्त उलटं वाहताना दिसतं! वळणाच्या बाणाचे दोन-तीन तुकडे कर, पुढच्या तुकड्यांना ‘आफ्टर प्रीव्हियस’ दे, म्हणजे ते आपोआप एकामागून एक येतील.

फुप्फुस धमनीपाशी मात्र ‘ऑन क्लिक’च ठेव. धमनी म्हणजे ऑक्सिजनयुक्त रक्त, असं पाठ केलेल्या मुली नेमक्या इथे अडतात. बाण निळाच का, हे त्यांना विचार, त्यांना बोलू दे. मग फुप्फुसांतून डाव्या अलिंदाकडे लाल बाण सोड.

हालचाल अर्थासाठी कशी वापरायची ते पाहायला हान्स रॉसलिंगचं 2006 मधलं टेडचं भाषण आज रात्री बघच. देशांचे बुडबुडे 1962 पासून पुढे सरकतात, पण त्याआधी तो आडव्या-उभ्या अक्षांवर काय आहे ते नीट समजावतो. बुडबुडे हलतात कारण वर्षं पुढे जात असतात. मला ते फार आवडतं.

आणि एक. कुणी स्लाइडची पीडीएफ मागितली तर तीच फाइल तशीच देऊ नकोस. एका मुलाखतीत मी दिली होती. एकाच जागी एकामागून एक येणारी माझी तीन चित्रं त्यात एकमेकांवर चढून बसली होती, आणि समोरच्यांना काहीच वाचता येईना. तेव्हापासून मी पीडीएफसाठी प्रत्येक टप्प्याची वेगळी स्लाइड करते. तूही कर.

मुलींनी प्रश्न विचारला तर कीबोर्डवरचं ‘बी’ दाब. पडदा काळा होतो आणि सगळ्या तुझ्याकडे बघतात. पुन्हा दाबलंस की स्लाइड परत येते.

उद्या जेवणं झाली की व्हिडिओ कॉल कर. मी वही घेऊन बसते, तू पहिल्या निळ्या बाणापासून सुरू कर.