हेड कुणाच्या हाती द्यावं?

कोल्हापूर

चि. रोहन यास,


तुझं पत्र मिळालं. एस्टीम गाडीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन उतरवलंस, हेड मोकळं केलंस आणि आता ते रेससाठी कुणाकडे करायला द्यावं, असं विचारतोस. ‘मामा, तुम्हीच का नाही करत?’ असंही लिहिलंयस. उद्यमनगरात माझी उमेदीची सगळी वर्षं हेड, बोअर आणि क्रँकमध्येच गेली. सीट कटिंग, गाइड बदलणं, फेसिंग ही माझी रोजची कामं. पण रेसच्या हेडला फ्लो बेंच लागतो आणि तो माझ्याकडे नाही. पोर्टमधून हवा किती जाते हे न मोजता ग्राइंडर लावायचा म्हणजे अंदाजपंचे काम, आणि भाच्याचं काम मी तसं करणार नाही. म्हणून दुकान कसं पारखायचं तेवढं सांगतो.

मुळाची गोष्ट आधी. हेडमधलं अ‍ॅल्युमिनियम काढायला दोन मिनिटं लागतात, पण काढलेलं परत बसवता येत नाही. वेल्डिंगने भरता येतं हे खरं, पण त्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो. तेव्हा दुकानाची परीक्षा त्यांनी किती कापलं यावर करू नकोस. कापण्याआधी त्यांनी तुला काय विचारलं आणि काय मोजलं, यावर कर.

तू हेड घेऊन गेलास आणि समोरच्याने नुसता ‘कधी पाहिजे?’ एवढाच प्रश्न केला, तर चहा पिऊन परत ये. जाणकार माणूस आधी तुझा क्लास विचारेल. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संस्थेच्या नियमांत प्रत्येक क्लासला वेगळी मुभा असते. कुठे पोर्टला हात लावायचा नाही, कुठे व्हॉल्व्हचा व्यास मूळचाच ठेवायचा, कुठे थोडी मोकळीक. रेसनंतर स्क्रूटिनीत इंजिन उघडायला लावतात, आणि तिथे नियमाबाहेरचं काम सापडलं तर जिंकलेली रेसही हातची जाते. त्या वर्षीचं रुलबुक छापून बरोबर ने. ते वाचायला ज्या दुकानदाराला कंटाळा येतो, त्याच्या चुकीची शिक्षा तुला भोगावी लागेल.

दुसरा प्रश्न ट्रॅकचा हवा. कोइमतूरचा कारी स्पीडवे २.१ किलोमीटरचा, चेन्नईचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा. कारीवर गाडी सतत वळणांतून बाहेर काढावी लागते, तिथे मधल्या आरपीएमला इंजिनाने ओढायला हवं. चेन्नईत वरच्या आरपीएमचा उपयोग जास्त वेळ होतो. मग कॅम कोणता, त्याची लिफ्ट किती, रेव्ह लिमिट किती, इंधन कोणतं, गिअरचे रेशो काय, हे प्रश्न ओघानेच येतात. एवढं सगळं कळल्याशिवाय पोर्ट किती मोठा करायचा हे कुणालाच ठरवता येणार नाही.

आता फ्लोच्या आकड्यांकडे नीट लक्ष दे, कारण फसगत होते ती इथेच. बेंचवर हवा किती दाबाच्या फरकाने ओढली, ते पाण्याच्या इंचांत सांगतात. रेसच्या कामात २८ इंच हा रूढ दाब. काही जण १० इंचांवरही मोजतात. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे १० इंचांवर १०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला १०० घनफूट हवा, देणारं हेड काहीही न करता २८ इंचांवर साधारण १६७ दाखवेल. दोन दुकानांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी दाब विचारायचा. आणि दाब सारखा असला तरी दोन वेगळ्या बेंचचे आकडे तंतोतंत जुळतील असं धरू नकोस. तुझं मूळ हेड आणि काम झालेलं हेड, दोन्ही एकाच बेंचवर मोजून घे. खरा हिशेब त्या फरकाचा.

नुसता सर्वात मोठा आकडा ऐकून हुरळून जाऊ नकोस. समज, तुझ्या कॅमची लिफ्ट ८ मिलिमीटर आहे. मग १२ मिलिमीटरवरचा फ्लो कितीही चांगला असला तरी तुझा व्हॉल्व्ह तिथवर कधी पोचतच नाही. शिवाय पूर्ण लिफ्टला व्हॉल्व्ह एका फेरीत एकदाच जातो. खालच्या आणि मधल्या लिफ्टमधून उघडताना एकदा आणि मिटताना एकदा, असा दोनदा जातो. म्हणून दर मिलिमीटरला किती फ्लो मिळाला त्याचा पूर्ण तक्ता माग, आणि चारही सिलिंडरचा माग. एका पोर्टचा आकडा दाखवून चारांचं बिल लावणारेही असतात.

पोर्ट मोठा केला की बेंचवर आकडा बहुधा वाढतो, पण हवेचा वेग मंदावतो, सिलिंडर नीट भरत नाही आणि वळणातून बाहेर पडताना गाडी जड वाटते. इनटेक पोर्ट आरशासारखा चकचकीत केलेला बघूनही भुलू नकोस. किंचित खरखरीत पृष्ठभाग भिंतीवरचं पेट्रोल परत हवेत मिसळायला मदत करतो. खरं कौशल्य व्हॉल्व्हच्या सीटखालच्या वळणात आणि सीटच्या कोनांत असतं, आणि ते जाता जाता डोळ्यांत भरत नाही.

हेडमधल्या कोनांचा आणि हवेच्या मोजमापाचा विचार किती मोठी कामं करतो, ते १९६७ च्या जून महिन्यात फॉर्म्युला वनमध्ये दिसलं. ४ जूनला झँडव्होर्टला जिम क्लार्कने कॉसवर्थच्या नव्या डीएफव्ही इंजिनावर पहिल्याच रेसला विजय मिळवला. कॉसवर्थच्या कीथ डकवर्थने त्या इंजिनाच्या चार व्हॉल्व्हच्या हेडमध्ये इनटेक आणि एक्झॉस्टमधला कोन अवघा ३२ अंशांचा ठेवला होता. त्यामुळे कम्बशन चेंबर उथळ आणि आटोपशीर झाला. दोनच आठवड्यांनी, १८ जूनला, डॅन गर्नी स्पाला ईगल गाडीवर जिंकला. तिचं व्ही-१२ इंजिन इंग्लंडमधल्या राय या छोट्या गावातल्या वेस्लेकच्या कारखान्यातलं, आणि हॅरी वेस्लेकने तर पोर्टमधली हवा मोजण्यातच जन्म घालवला होता. तेव्हा दुकान कुठल्या शहरात आहे, पाटी केवढी आहे, हे बघू नकोस.

दुकानात गेलास की कामाच्या टेबलाकडे बघ. ब्युरेट आणि पारदर्शक प्लेट दिसली पाहिजे. चेंबरवर प्लेट बसवून तिच्या भोकातून द्रव सोडतात आणि चेंबर किती सीसीचा आहे ते मोजतात. तुझ्या १२९८ सीसीत एका सिलिंडरच्या वाट्याला ३२४.५ सीसी येतात. ११ला १ असं कॉम्प्रेशन हवं असेल, तर पिस्टन वर असताना गॅस्केटसकट ३२.५ सीसी जागा उरायला हवी. एका चेंबरमध्ये १ सीसी जास्त राहिला तर तोच सिलिंडर १०.७वर येतो. चारही चेंबर एकमेकांशी अर्ध्या सीसीच्या आत जुळलेले असावेत, आणि ते आकडे तुला लिहून मिळावेत.

सीट बघताना रुंदी विचार. सीट अरुंद केली की फ्लो थोडा वाढतो, पण एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता मिटलेला असताना सीटलाच देतो. तिथे हात राखला नाही तर व्हॉल्व्ह जळतो. सीट कापण्याआधी गाइडचा प्ले तपासला का, आणि कापल्यावर सीट गाइडशी एककेंद्री आहे का हे डायल गेजने बघितलं का, हेही विचार. गाइड ढिला असेल तर त्यावरची उत्तम सीटही वाया जाते.

हेड जुनं आहे, तेव्हा कापण्याआधी ते कापण्याच्या लायकीचं आहे का, हे ठरवायला हवं. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही, म्हणून तडा शोधायला डाय पेनिट्रंट वापरतात, आणि पाण्याचे मार्ग बंद करून, आत हवा भरून, हेड गरम पाण्यात बुडवून बुडबुडे बघतात. कधी गरम होऊन वाकलेलं हेड असेल, तर नुसता खालचा फेस सरळ करून भागत नाही. वरचे कॅमचे बोअरही वाकलेले असू शकतात. धातू मऊ पडला आहे का, तेही हार्डनेस टेस्टने कळतं. आणखी एक: हेड फेस केलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि बेल्टवरचं टायमिंग थोडं मागे पडतं. ते अॅडजस्टेबल पुलीने परत जागेवर आणायची गोष्ट ज्याने आपणहून काढली, तो माणूस कामाचा. स्प्रिंग पूर्ण दबताना वेटोळी एकमेकांना टेकत नाहीत ना, हे मोजणाराही तसाच.

व्यवहाराचं म्हणशील, तर जॉब कार्डावर सगळं लिहून घे: काय करायचं, काय करायचं नाही, पार्ट कुठले, मुदत किती. पैसे टप्प्याने दे. निम्मे आधी, बाकीचे तक्ता हातात पडल्यावर. सीझन सुरू व्हायच्या तोंडावर हेड नेऊ नकोस. त्या दिवसांत चांगला मिस्त्रीही घाईला बळी पडतो. दुकानाची माहिती काढायची तर त्याच आठवड्यात जिंकलेल्याला विचारू नकोस. ज्याने पूर्ण सीझन ते हेड पळवलं आणि नंतर उघडलं, त्याला गाठ. सीट कशा निघाल्या, गाइड किती झिजले, तो खरं सांगेल. आणि एकदा दुकान ठरलं की दोन-तीन सीझन तिथेच राहा. तुझ्या गाडीच्या नोंदी जसजशा साचतील, तसतसं त्यांचं काम तुझ्यासाठी नेमकं होत जाईल.

आता येत्या आठवड्यात एवढं कर. हेड केरोसिनने धू, चेंबरमधला कार्बन काढ, पण घासकागद लावू नकोस. कॅमचं कार्ड, गॅस्केटची जाडी आणि रुलबुक एका पिशवीत घाल. तीन दुकानं फिर आणि प्रत्येक ठिकाणी एकच मागणी कर: आधी माझं हेड आहे तसं मोजून द्या. जे दुकान यासाठी पैसे मागेल पण मोजून देईल, त्याला आनंदाने पैसे दे. जे ‘त्याची काय गरज?’ म्हणेल, तिथून हेड उचल. मूळ हेडचा तक्ता तुझ्या हातात येईपर्यंत ग्राइंडर कुणालाही लावू देऊ नकोस. तो तक्ता मला पाठव, दोघं मिळून बघू.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा