जुन्या कपाटाच्या कड्या-बिजागऱ्या : बदलण्याआधी हिशेब करा

आजोबांच्या काळातलं सागवानी कपाट पॉलिशला काढलं की सुतार हमखास सांगतो, ‘कड्या नव्याच बसवू.’ होकार देण्याआधी रंगाच्या थराखाली काय आहे ते पाहून घ्या.

ओळख : आतल्या बाजूला जरा खरवडा आणि चुंबक लावा. चिकटलं तर लोखंड किंवा पितळी मुलामा, नाही चिकटलं आणि पिवळा धातू दिसला तर बहुधा भरीव पितळ. मुलाम्याला बफिंग करू नका, खालचं लोखंड उघडं पडतं.

घरी (सुमारे २०० ते ३०० रुपये) : सुटे भाग काढताना कुठला कुठे होता ते चिठ्ठीवर लिहा. स्क्रूच्या खाचेतला रंग आधी टोकदार पात्याने काढा, नाहीतर खाच झिजते. जुन्या स्टीलच्या भांड्यात लिटरभर पाणी आणि दोन चमचे धुण्याचा सोडा घालून पितळी भाग अर्धा तास मंद उकळा. ॲल्युमिनियमचं भांडं नको, सोडा ते खातो. सुटलेला रंग टूथब्रशने काढा, मग पितांबरी किंवा चिंच-मीठ. आंबट फार वेळ ठेवू नका, पितळेवर तांबूस डाग पडतात. शेवटी स्वच्छ धुऊन लगेच कोरडं करा.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. म्हणून कोरडं घासू नका, हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

कारागिराकडे : बफिंगला नगामागे साधारण ५० ते १०० रुपये, कुलूप दुरुस्ती आणि किल्लीला ३०० ते ५००. गाव आणि काम बदललं की दरही बदलतो, म्हणून आधी एकच नग करून घ्या. नक्षीदार भागाला बफिंग टाळा, चाक नक्षी झिजवतं. तुटलेल्या कडीला डाख देता येतो. जोडीतली एक हरवली असेल तर दुसरी नमुना म्हणून ओताऱ्याकडे न्या.

नमुना हिशेब (८ मुठी, ६ बिजागऱ्या, १ कुलूप) :
- कारागिराकडून : १,००० ते १,९०० रुपये
- नवं भरीव पितळ : मुठी १,६०० ते ३,२००, बिजागऱ्या ६०० ते १,२००, कुलूप वेगळं

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत चोर बाजार इथे जुन्या घडणीचे भाग शोधता येतात. नवे घेताना जुन्या भोकांमधलं अंतर मोजून न्या. अंतर चुकलं की सागाला नवी भोकं पडतात, आणि ती बुजवायची मजुरी वेगळी.

बसवताना : भोक सैल असेल तर फेविकॉल लावलेली काडी ठोका. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढा आणि मगच पितळी बसवा. पितळ मऊ, जोर केला की डोकं तुटतं आणि दांडा आत अडकतो.

सुताराला सांगायचं ते इतकंच : जुने सगळे भाग पिशवीत घालून माझ्या हातात द्या. भंगारात गेलेलं पितळ परत मिळत नाही.