मोबाइल मनोऱ्याची वीज आणि वारा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाएकी गेली. पडघा-कळवा वाहिन्यांवरील बिघाडाने लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी मोबाइल चालू राहावा, यासाठी मनोऱ्याच्या पायथ्याशी राखीव विजेची सोय असते. ती खरोखर उपयोगी पडेल की नाही, हे आधीच कसे ओळखतात?

अंबरनाथजवळच्या मोरिवली औद्योगिक वसाहतीत असा एक मनोरा आहे, असे समजू. त्याला २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह मिळतो. पण रेडिओ यंत्रणेला लागतो सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश प्रवाह. हे रूपांतर एकदिशकारक, म्हणजे रेक्टिफायर करतो. त्याच्या जोडीला २ व्होल्टचे २४ शिसे-आम्ल घट एकसरीत जोडलेले असतात. प्रत्येक घटावर सुमारे २.२५ व्होल्ट, म्हणजे एकूण ५४ व्होल्ट ठेवून रेक्टिफायर ते भरलेले राखतो. घटमाला कायम जोडलेलीच असल्यामुळे वीज गेली तरी यंत्रणेला क्षणाचाही खंड जाणवत नाही.

आता परीक्षा. नुसता व्होल्टमापक लावून भागत नाही, कारण जुना घटही विश्रांतीत असताना २.१ व्होल्ट दाखवू शकतो. त्याचा कस लागतो तो काम करताना. २०० अँपिअर-तासांच्या घटमालेने २० अँपिअर प्रवाह १० तास द्यायला हवा. म्हणून तेवढा भार जोडून ठरावीक वेळाने प्रत्येक घटाचा दाब नोंदवतात. तो १.८ व्होल्टपर्यंत उतरला की चाचणी थांबवतात. हे ६ तासांतच घडले, तर क्षमता ६० टक्केच उरली. ८० टक्क्यांखाली गेलेली घटमाला सहसा बदलतात. एकसरीत सर्वांतून एकच प्रवाह वाहतो, म्हणून एक घट दुबळा निघाला तरी साऱ्या मालेला त्याची झळ पोचते.

दुसरी परीक्षा वाऱ्याची. २० अँपिअर गुणिले ५० व्होल्ट म्हणजे १,००० वॅट. त्यांतील थोडीच ऊर्जा रेडिओ लहरींच्या रूपाने बाहेर जाते. बाकीची उष्णता होते. ही सर्व ऊर्जा उष्णताच झाली असे धरून हिशेब करू. १ किलोग्रॅम हवा १ अंशाने तापवण्यास सुमारे १,००० जूल लागतात. हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर दर सेकंदाला ०.१ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ८५ लिटर हवा आतून खेळली पाहिजे.

जाळी धुळीने कोंदली आणि हवा निम्मीच आली, तर वाढ २० अंशांची होईल. पंखा मात्र फिरताना दिसतच राहील! म्हणून पूर्ण भार असताना आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान मोजतात. शिसे-आम्ल घटांचे आयुष्य दर १० अंश वाढीला जवळजवळ निम्मे होते. म्हणजे आजची कोंदलेली जाळी उद्याची घटमाला निकामी करू शकते.

शाळेत हे पडताळून पाहा. विजेरीचा एक वापरलेला घट घ्या. त्याचा दाब आधी दिवा न जोडता आणि मग दिवा पेटता ठेवून मोजा. नव्या घटाशी तुलना करा. दोन्ही आकड्यांतील फरक काय सांगतो?

वीज गेलेल्या रात्री कोणी रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवतो, तेव्हा त्याचा भरवसा याच परीक्षेवर असतो.