बाप्तिस्मा झाला म्हणून जमात सुटते का?

*आम्ही आंध. वडिलांनी बाप्तिस्मा घेतला. आता गावातले म्हणतात, तुमची जमात गेली, दाखला रद्द होणार. मुलगा यंदा बारावीला आहे. काय करावे?*
— एक शिक्षक, मालेगाव तालुका (जि. वाशिम)

गुरुजी, आधी मनातली भीती काढून टाका. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापलीकडे त्या आदेशाची सवलत जात नाही. अनुसूचित जमातींच्या आदेशात मात्र अशी अट कुठेच नाही. गावात या दोन आदेशांची गल्लत होते आणि तुमच्यासारख्या कुटुंबांची झोप उडते.

याच मुद्द्यावर केरळमधील चंद्रमोहनन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली निर्णय दिला. धर्म बदलला एवढ्यावरून कोणी जमातीबाहेर जात नाही, पण आपोआप आतही राहत नाही. त्या माणसाने जमातीच्या चालीरीती सोडल्या का, जमात त्याला आपला मानते का, हे पुराव्याने ठरते. म्हणून मंडळीच्या वडीलधाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की नव्या विश्वासणाऱ्याला भावकीपासून तोडू नका. चुलत्याच्या मातीला जाणे, भाचीच्या लग्नात राबणे, कुळाबाहेर सोयरीक करण्याचा नियम पाळणे, यात मूर्तिपूजा कुठे आली? देवापुढचा बळी किंवा अंगात येणे याबद्दल ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकाला विचारावे. पण सगळेच 'जुने' म्हणून टाकायला लावणारा पाळक त्या माणसाचे घरही तोडतो आणि त्याचा कायदेशीर आधारही.

आता कागदांचे. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात 'ख्रिश्चन' लिहिण्याची चूक फार होते. धर्म ख्रिस्ती आणि जमात आंध, अशा दोन वेगळ्या नोंदी हव्यात. तसे नसेल, तर मुलगा शाळेत असतानाच दुरुस्तीचा अर्ज द्या, शाळा सुटल्यावर ते काम जिकिरीचे होते. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदलले असेल, तर राजपत्रातली नोंद जोडा. आजोबा-पणजोबांची ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची शाळेतली किंवा महसुली नोंद मिळाली, तर पडताळणी समितीपुढे तिच्याइतके वजनदार दुसरे काही नाही. समिती चालीरीतींबद्दलही विचारते. पण तेवढ्या एकाच कसोटीवर दावा फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये आदिवासी ठाकूर जमातीच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. पडताळणीचा अर्ज आजच करा, बारावीच्या निकालाची वाट पाहू नका.

*मुलाचे हातपाय सुजतात, अंग ठणकते. पाळक प्रार्थना करतात, तेवढा वेळ बरे वाटते. एका भगिनीने सांगितले, औषध घेणे म्हणजे विश्वास कमी असणे. खरे आहे का?*
— एक आई, मानोरा तालुका

नाही, ताई. मुलाला उद्याच दवाखान्यात न्या आणि सिकलसेलची तपासणी करून मागा. विदर्भातल्या आदिवासी आणि दलित कुटुंबांत हा आजार बराच आढळतो आणि तुम्ही लिहिलेली लक्षणे त्याच्याशी जुळतात. बोटाच्या रक्ताची प्राथमिक चाचणी आरोग्य केंद्रात होते, पक्के निदान इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या चाचणीने होते. आजार निघाला, तर फॉलिक अॅसिड आणि डॉक्टरांना योग्य वाटल्यास हायड्रॉक्सियुरिया देतात. पाणी भरपूर पाजा, थंडीपासून जपा, ताप अंगावर काढू नका. १ जुलै २०२३ पासून यासाठी राष्ट्रीय मोहीमही चालू आहे.

त्या भगिनीला वाशिमचाच इतिहास सांगा. शहरातले रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल नाझरीन मंडळीने १९३८ मध्ये उभे केले. त्याआधी तिथले मिशनचे काम मेथॉडिस्टांकडे होते. डॉ. ऑर्फा स्पायकर ही अमेरिकन डॉक्टर १९३६ मध्ये भारतात आली आणि तिने तिथे रुग्णसेवेचा पाया घातला. पुढे तिथेच परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत तिला विरोध दिसला असता, तर ते रुग्णालय उभे राहिलेच नसते. औषध बंद करा म्हणणाऱ्याचे ऐकू नका, मग तो कितीही मोठा सेवक असो.

एक गोष्ट पाळकांसाठीही. आपली मंडळी लहान, सोयरिकी त्याच चार घरांत फिरतात. आईवडील दोघेही सिकलसेलचे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक निरोगी दिसतो, त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. तेव्हा लग्नाची घोषणा वाचण्याआधी नव्हे, तर सोयरिकीचे बोलणे निघण्याआधीच तरुणांची तपासणी होऊ द्या. त्यात कुणाची बदनामी नाही, आणि ती होणार नाही हे पाहणे मंडळीचे काम आहे.

*आमच्या उपासनेत डफ-टाळ चालतील का? काही जण म्हणतात, पेटी-गिटारच शोभते.*
— तरुण संघ, रिसोड

खुशाल वाजवा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तनाच्या वळणाने ख्रिस्तभक्ती गायली, आणि आजही त्यांची गीते मराठी मंडळ्यांत म्हटली जातात. तुम्ही तर मराठी बोलणारे, तुमची अडचण थोडी. मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीहून पार निराळी. तिथे सगळी उपासना मराठीतच झाली, तर म्हाताऱ्या आजीच्या कानावर नुसता आवाज पडतो. पुढच्या वेळी तिकडे गायला जाल, तेव्हा आपली गाणी शिकवण्याआधी त्यांच्या बायकांकडून त्यांची चाल शिकून घ्या.