जुनी आऊटबोर्ड मोटार : दोष कसा शोधावा व दुरुस्ती कशी करावी

कोकण किनाऱ्यावरील पुष्कळ कुटुंबांचा निर्वाह थोडी भातशेती व थोडी मासेमारी अशा दुहेरी आधारावर चालतो. अशा कुटुंबास नवी मोटार घेणे सहसा झेपत नाही. म्हणून होडीच्या मागील फळीस अडकवावयाची लहान आऊटबोर्ड मोटार कोणाकडून तरी वापरलेली घेण्याकडे लोकांचा कल असतो. ह्यात वावगे काही नाही. मात्र विहिरीवरील पंप बंद पडला तर पिकास पाणी उशिरा मिळते एवढेच. ओहोटी जोरात असता दाभोळ किंवा जयगड खाडीच्या तोंडाशी होडीची मोटार बंद पडली तर पाण्याची ओढ होडीस बाहेर, फुटणाऱ्या लाटांकडे नेते. यास्तव होडीत दोन वल्ही, नांगर व पुरेसा दोर असल्याखेरीज जुन्या मोटारीवर विसंबून कोणीही खाडीबाहेर जाऊ नये. पुढील विवेचन पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या, दोन स्ट्रोकच्या लहान मोटारींपुरते आहे.

खरेदीपूर्वी

विकणारा मोटार आधीच गरम करून ठेवील तर सौदा दुसऱ्या दिवसावर टाकावा. थंड मोटार किती ओढींत सुरू होते हेच पाहावयाचे असते. प्रथम प्लग जागेवर ठेवून दोरी सावकाश ओढावी. हातास दाब स्पष्ट जाणवला पाहिजे, व दोन सिलिंडर असल्यास दोन्ही दाब सारखे लागले पाहिजेत. दाब मोजण्याचे घड्याळ मिळाल्यास उत्तम. दोन सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक असल्यास रिंग किंवा सिलिंडरची भिंत खराब झाली आहे असे समजावे. अशी मोटार स्वस्तात मिळाली तरी ती महागच पडते.

नंतर खालच्या गिअरच्या पेटीचा तळाचा स्क्रू किंचित सैल करून थोडे ऑइल बोटावर घ्यावे. ते दुधासारखे पांढरट असेल तर आत पाणी शिरले आहे. धातूचा कीस चमकत असेल तर गिअर झिजले आहेत. पांढरे ऑइल पाहून लगेच निराश होण्याचे कारण नाही, कारण जाळ्याचा नायलॉनचा धागा पंख्यामागे गुंडाळला जाऊन सील कापतो व त्यातून पाणी शिरते. सील बदलण्यास फार खर्च येत नाही. धातूचा कीस मात्र क्षम्य नाही.

आणखी एक गोष्ट खरेदीच्या वेळीच विचारात घ्यावी. ज्या जातीच्या मोटारी गावात आधीपासून आहेत त्याच जातीची मोटार घेणे हिताचे ठरते. चार होड्यांवर चार निरनिराळ्या मोटारी असल्या म्हणजे एकीचा सुटा भाग दुसरीस कामी येत नाही. ग्रामसेवकांनी गावातील मोटारींची जात व अश्वशक्ती यांची यादी करून ठेवल्यास खरेदी करणाऱ्यास मोठी मदत होईल.

मोटार सुरू होत नाही तेव्हा

दोष नक्की कोठे आहे हे कळण्यापूर्वीच पाना घेऊन कार्ब्युरेटर उघडण्याची घाई बहुतेकांस होते. असे करू नये. मोटार चालण्यास ठिणगी, इंधन व दाब ह्या तीन गोष्टी लागतात; त्यांपैकी कोणती नाही हे आधी ठरवावे. त्यापूर्वी दोन क्षुल्लक गोष्टी पाहाव्यात. बंद करण्याच्या बटणास अडकवावयाची दोरीची चिमटी जागेवर आहे काय? ती नसेल तर मोटार कितीही ओढली तरी ठिणगी येणार नाही. इंधनाच्या टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा आहे काय? तो बंद राहिल्यास मोटार सुरू होते व काही मिनिटांनी गुदमरून बंद पडते. भर पाण्यात असे घडले की लोक घाबरून भलतेच उघडू लागतात.

एवढे पाहून पाच-सहा वेळा दोरी ओढावी व प्लग काढून त्याचे टोक निरखावे. प्लगसारखा खरे बोलणारा साक्षीदार दुसरा नाही. तो पेट्रोलने ओला असेल तर इंधन पोहोचते आहे व बहुधा ठिणगीत दोष आहे. कोरडा असेल तर इंधनच पोहोचत नाही. काळा व तेलकट असेल तर ऑइलचे प्रमाण जास्त झाले आहे.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग त्याच्या टोपीत बसवून त्याचे आटे मोटारीच्या धातूस टेकवावे व दोरी ओढावी. निळी, कडकडणारी ठिणगी दिसली पाहिजे. पिवळी व मंद ठिणगी कामाची नाही. ही परीक्षा करताना इंधनाची नळी काढून टाकी दूर न्यावी, सांडलेले पेट्रोल पुसून टाकावे व प्लग त्याच्या भोकापासून लांब धरावा. भोकातून उडणारी वाफ पेट घेऊ शकते. प्लग उघड्या हाताने न धरता रबरी मुठीच्या पक्कडीने धरावा. ठिणगी नसल्यास प्रथम नवा प्लग लावून पाहावा. नंतर तारांच्या जोडांवर जमलेली मिठाची पांढरी बुरशी साफ करावी. फार जुन्या मोटारींत फ्लायव्हीलखाली पॉइंट असतात; पडून राहिलेल्या मोटारीत त्यांवर पापुद्रा धरतो. बारीक पॉलिश कागदाने ते पुसून त्यांमधील अंतर मोटारीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवावे. अनेक जुन्या मोटारींत ते सुमारे अर्धा मिलिमीटर असते.

इंधन पोहोचत नसेल तर नळीवरील रबरी फुगा दाबून पाहावा. त्यावरील बाण मोटारीकडे असावा व काही वेळा दाबल्यावर फुगा कठीण झाला पाहिजे. तो कठीण होतच नसेल तर नळी कोठेतरी हवा ओढते. मोटार चालू असता फुगा आत चेपत असेल तर टाकीचा हवेचा स्क्रू किंवा टाकीतील गाळणी तपासावी. हे सर्व ठीक असूनही प्लग कोरडा राहिला तरच कार्ब्युरेटर उघडावा. बहुधा वाटीच्या तळाशी जुन्या इंधनाचा चिकट थर सापडतो. बारीक छिद्रांत तार घालू नये. छिद्र मोठे झाले म्हणजे मोटार कायमची जास्त इंधन पिऊ लागते. कार्ब्युरेटर धुण्याचे द्रावण व हवेचा झोत एवढेच वापरावे.

हल्ली पेट्रोलमध्ये सुमारे वीस टक्के इथेनॉल असते. ते हवेतील ओल शोषून घेते, व जुन्या मोटारींच्या रबरी नळ्या त्यासाठी बनविलेल्या नाहीत. जुन्या मोटारीची नळी, फुगा व इंधनपंपाचा पडदा घेतल्याबरोबर बदलावा आणि मिसळलेले पेट्रोल महिनोन्‌महिने साठवू नये. ऑइलचे प्रमाण मोटारीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवावे. पन्नासास एक असे सांगितले असेल तर लिटरला २० मिलिलिटर. पंचविसास एक असेल तर ४० मिलिलिटर. मोटारसायकलचे ऑइल न वापरता पाण्याने थंड होणाऱ्या मोटारींचे, टीसी-डब्ल्यू ३ असा शिक्का असलेले ऑइल घ्यावे. रॉकेलवर चालणारी मोटार नेहमी पेट्रोलवर सुरू करावी, तापल्यावर रॉकेलवर घ्यावी आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा काही वेळ पेट्रोलवर चालवावी. केवळ पेट्रोलसाठी बनविलेल्या मोटारीत रॉकेल घालून बचत साधत नाही, पिस्टन मात्र जातो.

थंड करणारे पाणी

मोटार सुरू होताच तिच्या बाजूच्या लहान भोकातून पाण्याची धार आली पाहिजे. ती न आल्यास तत्काळ मोटार बंद करावी. खाली पाणी ओढण्याच्या जाळीत प्लॅस्टिकची पिशवी अडकली आहे काय ते पाहावे. भोकात मिठाचा किंवा गाळाचा बोळा बसला असल्यास तो काढावा. तरीही धार बारीक राहिली तर पाण्याच्या पंपातील रबरी इम्पेलर झिजला आहे. जुनी मोटार घेतल्यावर इम्पेलर न तपासता, सरळ बदलावा असे आमचे मत आहे. खालचा भाग मोजक्या बोल्टांनी बसविलेला असतो. ते मिठाने धरले असल्यास गंज सोडविणारे ऑइल रात्रभर लावून ठेवावे, जोर करून डोके तोडू नये. नवा इम्पेलर बसविताना दांडा मोटारीच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवावा, म्हणजे पाती योग्य बाजूस वाकतात. मोटार पाण्याबाहेर कोरडी चालवून पाहिल्यास हेच रबर थोड्याच वेळात जळते. परीक्षेसाठी पिंप भरून घ्यावे.

समुद्रातून आल्यावर दररोज त्याच पिंपात गोड्या पाण्यावर मोटार पाच ते दहा मिनिटे चालवावी. पाण्याची टंचाई असलेल्या वाडीत हे जड वाटते, परंतु तेच पिंप अनेक मोटारींना चालते.

पंख्याची खीळ

मोटार घोंघावते पण होडी पुढे जात नाही, असे झाल्यास पंख्याची खीळ तुटली असावी. अनेक लहान मोटारींत ही मऊ धातूची खीळ खडकावर आपटल्यावर मुद्दाम तुटण्यासाठीच असते, म्हणजे गिअर वाचतात. तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकू नये. दोन-तीन योग्य खिळी, एक पक्कड, प्लगचा पाना व एक नवा प्लग कापडात बांधून होडीत ठेवावा.

मोटार पाण्यात पडल्यास

खाऱ्या पाण्यातून काढलेली मोटार उन्हात वाळत ठेवणे ही सर्वांत घातक गोष्ट होय. हवा लागताच आत गंज धरू लागतो. ती लगेच गोड्या पाण्याने धुवावी, प्लग काढून दोरी सावकाश ओढून सिलिंडरमधील पाणी बाहेर काढावे, कार्ब्युरेटर रिकामा करावा, सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे व काही तासांच्या आत मोटार सुरू करून चांगली तापू द्यावी. तेवढ्यात कारागीर मिळणे शक्य नसेल तर मोटार गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवावी. मोटार चालू असताना पडली असेल व दोरी अडत असेल तर जोर करू नये. आतील दांडा वाकलेला असण्याचा संभव असतो व असे काम कारागिराकडेच द्यावे.

पावसाळ्यात मोटार काढून ठेवताना टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून दोरी दोन-तीनदा ओढावी, गिअरचे ऑइल बदलावे आणि मोटार उभी टांगून ठेवावी. बदललेले ऑइल पुन्हा पांढरे निघाल्यास सीलचे काम मासेमारी सुरू होण्यापूर्वी उरकून घ्यावे.