वेढा घातला कीं उठविला?

युद्धाचें वर्णन इंग्रजींत लिहितांना व्याकरण निर्दोष असूनही कधीं कधीं अर्थाचा अनर्थ होतो. एका शब्दाच्या फेरानें जेता पराभूत ठरतो. उदाहरणादाखल १७३९ सालचा वसईचा वेढा घेऊं.

चिमाजी अप्पांच्या सैन्यानें पोर्तुगीजांच्या वसईस वेढा घातला. येथें ‘लेड सीज टु’ असें लिहावें. ‘लेड’ हें ‘ले’ या क्रियापदाचें भूतकाळी रूप होय. ‘सीज’च्या मागें उपपद नको, पुढें ‘टु’ मात्र अवश्य हवें. ‘बिसीज’ हें क्रियापद योजल्यास ‘टु’ लागत नाहीं.

‘रेज’ म्हणजे उभारणें, हें ठाऊक असल्यानें कित्येक विद्यार्थी वेढा घातला या अर्थीं ‘रेज्ड द सीज’ असें लिहितात. ‘रेज ॲन आर्मी’ म्हणजे सैन्य उभारणें हें खरें. परंतु ‘रेज द सीज’ म्हणजे वेढा उठविणें. आपली मराठीही येथें ‘उठविणें’ असेंच म्हणते, हें ध्यानांत धरल्यास चूक होणार नाहीं. १६८२ सालीं मराठ्यांस जंजिऱ्याचा वेढा यश न येतां उठवावा लागला. तेथें हा प्रयोग योग्य. वसईविषयीं तोच केला, तर मराठे रिक्त हस्तें परतले असा अर्थ होईल!

‘स्टॉर्म’ म्हणजे वादळ. पण क्रियापद झाल्यावर त्याचा अर्थ किल्ल्यावर तुटून पडणें असा होतो, आणि ‘टेक बाय स्टॉर्म’ म्हणजे अशा हल्ल्यानें स्थळ जिंकून घेणें. मराठ्यांनीं सुरुंगांनीं तट फोडून निकराचे हल्ले केले, तरी अखेर मे महिन्यांत किल्ला अटी ठरवून स्वाधीन करण्यांत आला. यास ‘कॅपिट्युलेट’ हा शब्द अचूक होय.

त्या अटींप्रमाणें पोर्तुगीज शिबंदी हातांत शस्त्रें घेऊन, नगारे वाजवीत बाहेर पडली. इंग्रजींत यास ‘विथ द ऑनर्स ऑफ वॉर’ असें म्हणतात. म्हणून त्यांजविषयीं ‘लेड डाउन देअर आर्म्स’, म्हणजे शस्त्रें खालीं ठेविलीं, असें लिहिणें असत्य होईल.

आणखी एक सावधगिरी. १७६१ सालीं पानिपतावर इब्राहिमखान गारदी ‘फॉट विथ द मराठाज’ असें लिहिल्यास तो त्यांच्या बाजूनें लढला कीं त्यांच्याशीं, हें कळत नाहीं. ‘फॉट फॉर द मराठाज अगेन्स्ट अब्दाली’ असें लिहावें, म्हणजे संदेह उरत नाहीं.

ज्यांनीं शस्त्रें ठेविलींच नाहींत, त्यांनीं तीं ठेविलीं असें लिहिणें हा केवळ भाषेचा दोष नव्हे. तो मृतांवर अन्याय आहे, कारण ते आपल्या उत्तरपत्रिकेस उत्तर देऊं शकत नाहींत. मित्र असो वा शत्रु, जें घडलें तेंच आपल्या वाक्यांत उतरावें.

अभ्यास : पुढील वाक्य इंग्रजींत लिहून आपल्या शिक्षकांस दाखवा.

‘१६८३ सालीं तुर्कांनीं व्हिएन्ना शहरास वेढा घातला, परंतु पोलंडचा राजा सोबिएस्की मदतीस आल्यावर त्यांस तो उठवावा लागला.’